लूजचा काळा पाटा

पाटा म्हणजे एका जागी मुकाट पडून राहणारा, असे तुम्हाला वाटत असेल. मित्रांनो, तसे नाही. मला पाय नाहीत, पंख नाहीत, कुणी ओढल्याशिवाय मी जागचा हलत नाही. तरी माझ्याइतका अस्वस्थ जीव आमच्या टेकडीवर दुसरा नसेल. माझ्या अंगावरून जन्मभर एक दगड पुढे गेला आणि मागे आला, पुढे गेला आणि मागे आला. ज्याच्या पाठीवर रोज पहाटे अशी येरझार चालते, त्याला स्वस्थपणा कुठून ठाऊक असणार?

आणि एके दिवशी ती येरझार मध्येच थांबली. तेव्हापासून तर मला मुळीच चैन पडेना.

माझा जन्म उत्तरेचा. गोड्या पाण्याच्या मोठ्या सरोवरापलीकडे काळ्या दगडांचे रान आहे. फार पूर्वी तिथल्या डोंगरांनी आग ओकली होती म्हणे. त्या रानातल्या एका पाथरवटाने एकच धोंडा फोडला आणि त्यातून आम्हा दोघांना घडवले. मी पाटा, आणि तो माझा वरवंटा. आम्ही एका पोटचे. माझ्या अंगावर जितकी छिद्रे तितकीच त्याच्या अंगावर. त्याने माझ्या पाठीवर पहिल्यांदा अंग टाकले तेव्हा मला वाटले, आपल्यात तुटले ते काहीच नव्हते, नुसती एक फट पडली होती.

लूज गावच्या एका मुलीचे लग्न ठरले होते. तिच्या बापाने जैतुनाच्या तेलाचे रांजण देऊन आम्हाला घेतले. ती मुलगी पाथरवटाला म्हणाली, "खालच्या अंगाला एक झाड कोरून दे. बदामाचं. घर हिरवं राहील." पाथरवट हसला. "खालचं झाड दिसणार कुणाला, बाई?" ती म्हणाली, "मुळं तरी कुणाला दिसतात?" मग त्याने माझ्या पोटाखाली एक लहानसे झाड कोरले; डावीकडची एक फांदी मात्र अर्धीच राहिली. तेवढीच माझ्या अंगावरची नक्षी.

लूज म्हणजे बदाम. आमच्या गावाभोवती बदामाची झाडेच झाडे. थंडी सरायच्या आतच ती पांढरी होत, आणि बायका म्हणत, "बघा, घाई बघा मेल्यांची!" बाहेरच्या माणसाला मात्र गावाची वाट सापडत नसे. खडकांच्या आडून, एका घळीतून वाकून यावे लागे. आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

त्या नवरीच्या हातून मी तिच्या मुलीकडे गेलो, आणि तिच्याकडून नातीकडे. नातीचे नाव हुराया. मित्रांनो, कितीतरी हात माझ्यावरून फिरले, पण हुरायाचा हात तो हुरायाचा. ती गुडघे टेकून बसे, जवाचे दाणे पसरी, आणि दोन्ही तळव्यांखाली वरवंटा धरून असा रेटा देई की आधी तिचे खांदे येत, मग केस, मग गाणे.

काळ्या माझ्या पाट्या, किती खाशी दाणे,
मागे पुढे जाणे, सरे ना रे.

तिची धाकटी लेक तलाया माझ्या कडेला बसून बदाम फोडी. एकाच जागी फोडून फोडून तिथे बोटभर खळगा पडला. हुराया ओरडे, "अगं, पाटा आहे तो, फरशी नव्हे! तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर फोड!" तलाया खिदळे आणि पुन्हा तिथेच फोडी. मला ते आवडे.

लूजच्या बायकांची एक रीत होती. घरातली दळणारी बाई गेली की तिचा वरवंटा पाट्यावर पालथा ठेवायचा आणि खाली मूठभर जव. तो दिवस कुणी दळायचे नाही. दुसऱ्या दिवशी लेकीने ती मूठ दळायची, तिची एक भाकर करायची आणि घरातल्या सगळ्यांनी घास घास खायची. हुरायाची आई गेली तेव्हा हे सारे माझ्यावरच झाले. तलायाने विचारले, "आजीचा हात कुठे गेला?"

"अजून दगडातच आहे," हुराया म्हणाली. "इतकी वर्षं फिरला, एकदम थांबेल कसा? आपण दळलं की थांबेल."

"आणि नाही दळलं तर?"

"तर फिरत राहील बिचारीचा. काही बोलू नकोस, दाणे वेच."

पुढे जे झाले ते मी थोडक्यातच सांगणार आहे. डोंगरापलीकडून आलेले लोक, तंबूत राहणारे, आमच्या टेकडीभोवती घिरट्या घालू लागले होते. त्यांना वाट सापडत नव्हती. एका सकाळी तलायाचा बाप काटक्या आणायला बाहेर गेला आणि लवकरच रिकाम्या हातांनी परत आला. त्याचे नाव मी घेणार नाही. हुरायाने ते पुढे कधी घेतले नाही, असे मला नंतर कळले. मग मी कोण घेणारा?

"ऊठ," तो दारातूनच म्हणाला. "पोरांना घे."

"दळण अर्धं आहे."

"राहू दे दळण."

"झालंय काय तुम्हाला? साप आडवा गेला का?"

"त्यांनी मला धरलं होतं. मला म्हणाले, वाट दाखव, तुला आणि तुझ्या घरच्यांना काही करणार नाही." त्याने दाराची चौकट धरली. "मी दाखवली."

हुरायाचा हात माझ्यावर थांबला. वरवंटा अर्ध्या वाटेत होता. मी वाट पाहिली, पण तो मागे आला नाही. तिने त्याला उचलले, झटकलेही नाही, आणि ओढणीत बांधले.

"दगड कशाला घेतेस?" नवरा ओरडला. "धान्य घे, तेल घे!"

"पाटा उचलवत नाही म्हणून," ती म्हणाली. एवढेच. आणि तलायाचे बोट धरून निघून गेली. माझ्या अंगावर अर्धे दळलेले जव तसेच राहिले.

ते लोक घळीतून आत शिरले, घरे पेटली; ते सारे मी नुसते ऐकले. पाहता आले नाही, कारण भिंत माझ्यापुढे पडली. आमच्या गल्लीत रोज पहाटे घरोघरचे पाटे वाजत. दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि एकही वाजला नाही. मित्रांनो, गाव कसे पडते हे मला तेव्हा कळले. ते आवाजाने पडत नाही.

माझ्यावरचे ते अर्धे पीठ मुंग्यांनी नेले. पावसाने राख धुतली. बदामाची झाडे वेळेवर फुलली, त्यांना कुणी काही सांगितले नव्हते. मी तिथेच होतो, आणि माझी पाठ खाजत होती. वरवंटा जिथे थांबला, तिथून पुढे.

मग तंबूंतली माणसे घरे बांधू लागली. गावाला त्यांनी नवे नाव दिले, बेथेल. ते नाव मला कुणी मुद्दाम सांगितले नाही, ऐकून ऐकून समजले. आमच्या मोडक्या घरावर सेरह नावाच्या एका बाईने आपले घर उभे केले. विधवा, हाडापेराने दणकट, बोलायला तिखट. तिचा मुलगा यामीन. त्याने ढिगाऱ्यातून मला ओढून काढले तेव्हा ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि तळहाताने माझे अंग पुसले.

"काळा दगड! यामीन, अरे, हा लांबचा आहे. तंबूत असताना असला पाटा स्वप्नातसुद्धा नव्हता."

मला वाटले, सुरू झाले. पण तिने आपल्या बोचक्यातून वरवंटा म्हणून जो काढला तो एक गोल, गुळगुळीत, पांढुरका धोंडा होता. यार्देन नदी ओलांडताना तिच्या सासूने पात्रातून उचललेला. नदीने घडवलेला दगड तो. त्याचे पोट पुढे आलेले. तो माझ्यावर बसेच ना. मध्येच टेकायचा, कडांना सुटायचा, आणि माझेच कण खरवडून पिठात घालायचा.

पुढे यामीनचे लग्न झाले आणि दळण सुनेकडे आले. होग्ला तिचे नाव. हसरी, घाईची पोर. त्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच आवाज, कचकच.

"आई," यामीन घास थांबवून म्हणे, "आज भाकरीत डोंगर जरा जास्तच पडलाय."

"दात आहेत तोवर चाव," सेरह म्हणे. "माझ्या दोन दाढा गेल्या ह्या घरात. बायकोला विचार, हात कुठे असतो तिचा दळताना."

"हात दगडावरच असतो, सासूबाई. दगडच बसत नाही. तो गोलमटोल धोंडा..."

"यार्देनचा दगड आहे तो! त्याला नाव ठेवायचं नाही. आमच्या सगळ्या वाटेत तो आमच्याबरोबर होता. दोष असेल तर ह्या काळ्याचा. परक्यांचा आहे, आपल्याला पीठ देत नाही."

मी काय सांगणार? मला द्यायचे होते. मला रोज द्यायचे होते. पण ज्या दगडाशी अंग जुळत नाही त्याच्याशी झटापट होते, दळण होत नाही. अशी वर्षे गेली. होग्लाला दोन मुले झाली, तीही कचकच चावतच मोठी होऊ लागली.

शेवटी होग्लाने एका टाकी लावणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावले. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने टाके घालून त्याला पुन्हा खरखरीत करतात, ते काम त्याचे. त्याने मला खालून पाहायला म्हणून उलटे केले, आणि होग्ला खाली वाकली.

"झाड," होग्ला हळूच म्हणाली.

सेरह पुढे आली. तिने वाकून पाहिले आणि दोन पावले मागे सरली. "इथले जुने लोक झाडाला देवी मानायचे! म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांच्या देवीच्या झाडावर दळून खातोय! म्हणूनच. म्हणूनच कच लागते." ती मुलाकडे वळली. "मला घरात नको हा. जवाची कापणी उरकली की यामीन, घण घाल ह्याच्यावर."

मला गल्लीत भिंतीला टेकवून उभे केले. झाड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. जन्मात मी कधी उभा राहिलो नव्हतो. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत. शेजारची यहूदीत म्हणे, "घण आणलाय का रे यामीन? फुटला की एक तुकडा मला दे, खुराड्याचं दार लागत नाही." मी कापणीचे दिवस मोजत नव्हतो, पण शेतातून येणाऱ्या पेंढ्या मला दिसत होत्या.

त्याच दिवसांत एक बाई गावात आली. उन्हाने रापलेली, पाठीवर एक जड झोळी, झोळीच्या भाराने एका अंगाला कललेली. शेतातल्या कापणाऱ्यांच्या मागे ती सांडलेली कणसे वेची आणि संध्याकाळी गल्लीगल्लीतून हिंडे. कुणाच्या घरात शिरत नसे. उंबरे बघत चाले.

"काय विकतेस गं?" यहूदीतने हटकले.

"काही नाही."

"मग झोळीत काय?"

"दगड."

"ऐका! आमच्या डोंगराला दगड कमी पडले म्हणून ही घेऊन आली!" बायका हसल्या. ती बाई हसली नाही. तिची नजर माझ्यावर पडली होती.

ती माझ्यासमोर येऊन बसली. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि माझ्या कडेच्या त्या खळग्यात बोट घातले. बोट मोठे झाले होते. खळगा तेवढाच होता.

मित्रांनो, दगडाला रडता आले असते तर त्या संध्याकाळी त्या गल्लीतून ओहोळ वाहिला असता.

होग्ला दारात आली. "अगं ए, सावलीला बसायचं तर बस, पण त्याला हात नको लावू. फोडायचाय तो."

"फोडायचाय?" तलाया ताडकन उभी राहिली. "का?"

"त्याच्याखाली झाड आहे."

"बदामाचं. आई सांगायची, डाव्या बाजूची एक फांदी अर्धवट राहिलीये."

होग्लाने हातातली घागर खाली टेकवली. तिने आत हाक मारली, "सासूबाई! जरा बाहेर या. लवकर!"

सेरह आली. तिने तलायाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "कुणाची तू?"

"ह्याच घरातली. घर नव्हतं हे असं. पण हीच जागा."

"त्या गावातलं कुणी राहिलं नाही," सेरह कठोरपणे म्हणाली. "एक घर सोडून."

यहूदीतने भिंतीवरून डोके काढले. "अगंबाई! ही वाट दाखवणाऱ्याची पोर!"

सेरहचा चेहरा बदलला. "असं असेल तर तुला भिण्याचं कारण नाही. तुझ्या बापाला आमच्या माणसांनी शब्द दिला होता. त्याच्या रक्ताच्या माणसाला ह्या गावात कुणी..."

"ते नाव सांगून मला आत नका घेऊ, आजी," तलाया म्हणाली. "त्यापेक्षा बाहेर हाकला. माझ्या आईनं त्यांच्याशी जन्मभर एक घास गोड बोलून खाल्ला नाही. मी त्यांच्यासाठी नाही आले. आईसाठी आले."

तिने झोळी उतरवली. फडक्यात गुंडाळलेला काळा दगड बाहेर काढला.

मी त्याला ओळखले. त्याने मला ओळखले की नाही, ते त्या क्षणी कळले नाही.

तलायाने सगळे सांगितले. बाप त्यांना उत्तरेला घेऊन गेला, हित्ती लोकांच्या मुलखात, आणि तिथे त्याने नवे गाव वसवले. त्याचेही नाव लूजच ठेवले. "तिथे बदाम होत नाहीत," ती म्हणाली. तिथे हुरायाने दुसरा पाटा घेतला, पण वरवंटा मात्र हाच. बसत नव्हता. घरात सगळ्यांच्या भाकरीत कच. बाप म्हणे, बदल तो दगड. हुराया म्हणे, चावा.

होग्लाने तोंडाला पदर लावला. "तुमच्याकडेही?"

"आमच्याकडेही."

गेल्या थंडीत हुराया गेली. जाताना तिने एवढेच सांगितले, वरवंटा त्याच्या पाट्यावर नेऊन ठेव. "आमच्यात अशी रीत आहे," तलाया म्हणाली आणि ओच्यातली एक गाठ दाखवली. "मूठभर जव आहेत. तिनं स्वतः पिकवलेले. हे ह्या पाट्यावर दळले, त्याची भाकर झाली, की तिचा हात थांबेल. नाहीतर फिरतच राहणार. मग फोडा पाटा. पण एक मूठ दळू द्या आधी."

सेरह माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ते झाड कशासाठी?"

"पणजीनं कोरून घेतलं. घर हिरवं राहावं म्हणून."

"राहिलं का हिरवं?"

सेरहलाच ते बोलणे लागले असावे, कारण ती घाईने वळून म्हणाली, "यामीन, आत घे तो पाटा. आणि झाड खाली जाऊ दे. माझ्या डोळ्यांपुढे नको."

मला पुन्हा आडवे केले. तलायाने गुडघे टेकले. तिने वरवंटा माझ्यावर ठेवला आणि गाठ सोडायला बोटे घातली.

"थांब," सेरह म्हणाली. "आधी नुसता फिरवून बघ."

तलायाने वरवंटा पुढे रेटला. खर्रर्र! असा आवाज झाला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मी हादरलो. तो माझ्यावर बसत नव्हता. डावीकडे टेके, उजवीकडे सुटे. परक्या पाट्यावर वर्षानुवर्षे घासून त्याचे पोट वेगळेच झाले होते, आणि यार्देनच्या धोंड्याने माझी पाठ मध्ये खोल केली होती. आम्ही एका पोटचे, एका धोंड्यातले, आणि आम्हाला एकमेकांचे अंग ओळखता येईना! इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली तो आला, आणि आमच्यामधून नुसती भुकटी पडली.

तलायाने हात उचलले. माझ्यावर काळी-करडी कच साठली होती. ती एकटक बघत राहिली.

"नाही बसत," ती पुटपुटली. "अशा पिठाची भाकर कशी करू? तिनं जन्मभर कच खाल्ली. आता मेल्यावरही कचच?" आणि गाठ मुठीत घट्ट धरून ती रडू लागली. तिच्याकडे एकच मूठ होती. ती वाया गेली असती तर दुसरी आणायची कुठून?

होग्ला तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. सेरह मात्र आत गेली आणि आपल्या घरच्या जवाचे सूप भरून घेऊन आली. धाडकन ते खाली ठेवले.

"रडून दगड बसतात होय? ती गाठ बांध आणि ठेव बाजूला. आधी आमचे दाणे घाल. दळ. कच पडली तर कोंबड्या खातील, त्यांना कच लागतेच. उद्या पुन्हा दळ. परवा पुन्हा. तू दमलीस की ही दळेल."

"तुमचे दाणे वाया जातील, आजी."

"वाया कसले! बिचाऱ्या कोंबड्यांना कधी सण असतो का?" मग खाली बघत ती हळू आवाजात म्हणाली, "माझी आई वाटेत गेली. वाळूत पुरली आणि सकाळी तंबू उचलले. ती जागा मला दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही. तुझी जागा तुला सापडलीये. आता दगडासाठी अडून बसतेस?"

तलाया त्या घरी राहिली. दिवसा ती यामीनच्या शेतात कापणी करी, पहाटे माझ्याजवळ येई. कधी ती दळे, कधी होग्ला. एक दळू लागली की दुसरी समोर बसून दाणे सारी. होग्लाने एकदा विचारले, "तुझी आई गाणं म्हणायची का?" तलाया म्हणाली, "तिकडे गेल्यावर एकच म्हणायची."

डोंगराच्या पार गेला माझा हात,
उरला घरात अर्धा घास.

मी ते ऐकले. माझ्या पाठीवरचे अर्धे राहिलेले दळण तिला जन्मभर आठवत होते तर!

ते दिवस सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. झीज दुखते, मित्रांनो. त्याची उंच जागा माझ्या उंच जागेला लागली की आम्ही दोघेही कळवळत असू. कधी वाटे, ह्याच्यापेक्षा घण बरा होता. यामीन यायचा, पीठ चिमटीत घेऊन दाताखाली धरायचा आणि मान हलवायचा. "डोंगर आहे अजून. पण टेकडीएवढा झालाय." यहूदीत भिंतीवरून म्हणे, "तिच्या कोंबड्या बघा किती माजल्यात!"

कापणी संपत आली तेव्हा एका पहाटे आवाज बदलला. खरखर गेली आणि तिच्या जागी एक घोटीव, भरदार घरघर आली. होग्ला दळत होती. ती दचकून थांबली. तलाया उठून बसली. कोपऱ्यात पडलेली सेरहही उठली आणि अंधारात चाचपत आली. तिने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. तिच्या तोंडातून कुठलाच आवाज येईना.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं पीठ आहे."

त्या दिवशी वरवंटा माझ्यावर पालथा ठेवला गेला, आणि मध्ये हुरायाची मूठ. घरात कुणी दळले नाही. सेरहने शेजारणीकडून भाकऱ्या आणल्या, आणि यहूदीतने कारण विचारले तर म्हणाली, "आमच्याकडे एकीचा हात थांबायचाय." दुसऱ्या दिवशी तलायाने ती मूठ दळली. जिथे वरवंटा त्या सकाळी थांबला होता, तिथून तो पुढे गेला. माझी पाठ खाजायची थांबली.

एक लहानशी भाकर झाली. घरातल्यांनी घास घास वाटून घेतला. लहान मुलगा चावत राहिला आणि गोंधळून म्हणाला, "आई, हिच्यात काहीच वाजत नाही!"

यामीनने विचारले, "मग घण?"

"ज्याचा आहे त्याला देऊन ये," सेरह म्हणाली.

"आणि झाड?"

"खालचं मातीला ठाऊक. वर आम्ही दळतो."

तलाया निघाली तेव्हा वरवंटा माझ्यावरच होता. आईने तसेच सांगितले होते. होग्ला म्हणाली, "आणि तुझ्या घरी? तिकडचा पाटा आता वरवंट्यावाचून पडलाय."

"बघेन एखादा."

तेव्हा सेरहने कोपऱ्यातला तो यार्देनचा धोंडा उचलला. तिच्या सासूने नदीतून आणलेला, ज्याला नाव ठेवलेले तिला खपत नव्हते तो. पदराने पुसून तिने तो तलायाच्या झोळीत घातला.

"आजी, हा नको! हा तुमचा..."

"घे. वाटेची सवय आहे त्याला."

"पण बसेल का आमच्या पाट्यावर?"

"लगेच नाही बसणार," होग्ला हसत म्हणाली, आणि डोळे पुसत, दळताना म्हणतात त्या चालीवर म्हणू लागली,

झिजता झिजता बसेल गं जोड,
भाकर ही गोड होईल गं.

तलाया झोळीच्या भाराने एका अंगाला कलून, आली होती तशीच गेली. वळणावर तिने गावाला हाक मारली. जुन्या नावाने मारली की नव्या, ते वाऱ्यामुळे मला ऐकू आले नाही.

ह्या गोष्टीला आता इतका काळ लोटला आहे की होग्लाच्या नातींच्या नातीही माझ्यावर दळून गेल्या. पुढे ते घरही पडले. मी मातीखाली आहे, वरवंटा माझ्यावर आहे, आणि कुठल्याशा झाडाचे मूळ माझ्या पोटाखालच्या झाडाला येऊन भिडले आहे. तरी मला अजून झोप नाही. वरून पावले जाताना ऐकू आली की वाटते, ही पावले कुणाच्या घरावरून चालली आहेत, हे ह्यांना कुणी सांगितले असेल का?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझी एवढीच विनवणी आहे. तुम्ही कधी नव्या घरात राहायला गेलात आणि कोपऱ्यात एखादा एकटा दगड, एकटी वाटी, झाकण नसलेले भांडे दिसले, तर ते लगेच फेकू नका. त्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. तिथे आधी कुणीतरी बदाम फोडले असतील. आणि दारात झोळी घेऊन कुणी आले, तर आधी आपल्या सुपातले दाणे काढा.

हुरायाचा हात थांबला. माझ्या मनातली येरझार अजून थांबलेली नाही. मी कान देऊन पडलो आहे, पहाट होण्याची वाट पाहत.